वरून सुरू झालेली चढण : मुंबई सिटी एफसी आणि महाराष्ट्राचे फुटबॉल

क्रिकेट, कबड्डी, खो-खो आणि कुस्ती या खेळांनी महाराष्ट्राच्या जनमानसात जे स्थान मिळवले, ते फुटबॉलला मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर अशी काही मोजकी शहरे वगळता लाभले नाही. तरीही गेल्या दशकात भारतातील सर्वांत यशस्वी फुटबॉल क्लबांपैकी एक याच राज्याच्या राजधानीत घडला, ही वस्तुस्थिती आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सिटी एफसी या क्लबने पुढील दहा वर्षांत देशाच्या अव्वल लीगमधील दोन शील्ड आणि दोन करंडक जिंकले आणि आशियातील सर्वोच्च क्लब स्पर्धेत विजय नोंदवून भारतीय फुटबॉलच्या इतिहासात एक नवे पान जोडले. एखादा तरुण क्लब इतक्या थोड्या काळात शिखरावर कसा पोहोचतो आणि तिथे टिकून राहण्यासाठी त्याला कशाची गरज असते, हे या क्लबच्या वाटचालीवरून समजून घेता येते. आणि त्या आकलनाचा संबंध नांदेड-लातूरसारख्या, व्यावसायिक फुटबॉलपासून दूर राहिलेल्या जिल्ह्यांशीही पोहोचतो.

गिरण्या, कंपन्या आणि त्यांचे संघ

मुंबईचे फुटबॉल या क्लबपासून सुरू झाले असा समज कोणी करून घेऊ नये. ब्रिटिश अमदानीत १८९१ साली सुरू झालेली रोव्हर्स चषक स्पर्धा ही देशातील सर्वांत जुन्या फुटबॉल स्पर्धांपैकी एक होती आणि कुलाब्याजवळच्या कूपरेज मैदानावर तिचे सामने पाहण्यासाठी गिरणगावापासून उपनगरांपर्यंतचे प्रेक्षक जमत असत. स्वातंत्र्यानंतर या शहरात मफतलाल, ओर्के मिल्स, टाटा, आरसीएफ, एअर इंडिया अशा गिरण्यांचे, कंपन्यांचे आणि सरकारी उपक्रमांचे संघ खेळू लागले. अशा संघांना संस्थात्मक संघ म्हणतात. त्यांतील खेळाडू हा मुळात त्या संस्थेचा नोकरदार असे. त्याला पगार कारखान्यातून वा कचेरीतून मिळे आणि खेळातून निवृत्त झाल्यावरही त्याची नोकरी शाबूत राही. या पद्धतीने हजारो खेळाडूंच्या घरी चूल पेटती ठेवली, हे तिचे मोठे श्रेय होय; मात्र संस्थेचे धोरण बदलले की संघ बंद पडे, कारण प्रेक्षकांची वर्गणी, तिकीटविक्री किंवा प्रक्षेपणाचे उत्पन्न असा स्वतःचा कोणताही आधार त्या संघाला नसे.

या व्यवस्थेची उंची आणि मर्यादा या दोन्ही गोष्टी महिंद्रा युनायटेडच्या इतिहासात एकत्र दिसतात. या संघाने २००५-०६ च्या हंगामात राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली, म्हणजे देशाचे अजिंक्यपद मुंबईत आणले, आणि अवघ्या काही वर्षांत, २०१० मध्ये, तो संघ विसर्जित झाला. २००७ मध्ये उभे राहिलेले मुंबई एफसी आणि पुणे एफसी हे क्लबही सुमारे दशकभरात मैदानातून नाहीसे झाले, आणि नव्या लीगमध्ये पुण्याचे प्रतिनिधित्व करणारा एफसी पुणे सिटी हा क्लब २०१९ मध्ये बंद झाला. महाराष्ट्रात क्लब जन्माला येणे कठीण नव्हते, त्याने वीस-पंचवीस वर्षे जगणे कठीण होते, हे या यादीवरून स्पष्ट होते.

नवी लीग, नवा क्लब

२०१४ साली इंडियन सुपर लीग, म्हणजेच आयएसएल, आठ संघांसह सुरू झाली आणि तिची रचना फ्रँचायजी पद्धतीवर आधारलेली होती. या पद्धतीत लीगचे आयोजक ठरावीक शहरांतील संघांचे हक्क गुंतवणूकदारांना देतात आणि गुंतवणूकदार त्या हक्कांच्या बदल्यात शुल्क भरून संघ चालवतात. त्यामुळे संघ खालच्या श्रेणीतून जिंकत जिंकत वर येत नाही, तो पहिल्या दिवसापासूनच सर्वोच्च श्रेणीत असतो. मुंबईच्या संघाची मालकी अभिनेते रणबीर कपूर आणि सनदी लेखापाल बिमल पारेख यांच्याकडे आली. स्वीडनचे फ्रेडी ल्युंगबर्ग आणि फ्रान्सचे निकोला अनेल्का असे नामांकित, पण कारकिर्दीच्या उत्तरार्धात असलेले खेळाडू संघात आले आणि इंग्लंडचे पीटर रीड प्रशिक्षक झाले.

पहिल्या सामन्यात कोलकात्यात ३-० असा पराभव झाला, तर त्याच महिन्यात नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर एफसी पुणे सिटीचा ५-० असा धुव्वा उडवताना ब्राझीलच्या आंद्रे मोरित्झ यांनी लीगच्या इतिहासातील पहिली हॅटट्रिक, म्हणजे एकाच सामन्यात तीन गोल, नोंदवली. हा चढउतार त्या काळातील संघाचे खरे चित्र दाखवतो. पहिल्या दोन हंगामांत संघ तळाच्या बाजूलाच राहिला. दुसऱ्या हंगामासाठी सुनील छेत्री यांना लिलावात १ कोटी २० लाख रुपयांची सर्वोच्च बोली लावून घेतले गेले आणि त्यांनी गोलही केले, तथापि एकट्या खेळाडूच्या बळावर संघ वर येत नाही हेच पुन्हा सिद्ध झाले. २०१६ मध्ये उरुग्वेचे दिएगो फोर्लान संघात असताना मुंबईने गुणतालिकेत पहिला क्रमांक मिळवला, पण उपांत्य फेरीत कोलकात्याच्या संघाकडून हार पत्करली. याच वर्षापासून अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलातील मैदान हे क्लबचे घर झाले. सात-आठ हजार प्रेक्षकांच्या या छोटेखानी मैदानात प्रेक्षक सीमारेषेच्या अगदी जवळ बसतो आणि त्याच्या आरोळ्या खेळाडूंपर्यंत थेट पोहोचतात, त्यामुळे क्लबला पाठीराख्यांचा स्वतःचा गट लाभण्यास मोठी मदत झाली.

मालकी बदलली, पद्धत बदलली

क्लबच्या इतिहासातील निर्णायक वळण नोव्हेंबर २०१९ मध्ये आले. इंग्लंडच्या मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुप या समूहाने मुंबई सिटीतील ६५ टक्के हिस्सा विकत घेतला आणि मुंबई हा त्या समूहाचा जगभरातील आठवा क्लब ठरला. अशा समूहाकडून क्लबला पैसा मिळतो हे उघडच आहे. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे खेळाडू हेरण्याची यंत्रणा, प्रशिक्षकांची देवाणघेवाण आणि खेळण्याची एक ठरलेली शैली हाती लागते. पुढे मुंबईचे प्रशिक्षक झालेले इंग्लंडचे डेस बकिंगहॅम आणि चेक प्रजासत्ताकाचे पेत्र क्रात्की हे दोघेही आधी याच समूहाच्या मेलबर्न सिटी या ऑस्ट्रेलियातील क्लबमध्ये काम करत होते, यावरून ही देवाणघेवाण प्रत्यक्षात कशी चालते ते लक्षात येते. प्रशिक्षक बदलला तरी खेळाची दिशा बदलत नव्हती, आणि भारतीय क्लबांच्या बाबतीत ही गोष्ट दुर्मीळच होती.

२०२० मध्ये स्पेनचे सर्जिओ लोबेरा प्रशिक्षक म्हणून आले. त्यापूर्वी एफसी गोवाला त्यांनी आकर्षक खेळ करणारा संघ म्हणून नाव मिळवून दिले होते, आणि अहमद जाहू, मुर्तादा फॉल, ह्युगो बुमू यांच्यासह गोव्याचे मंदार राव देसाई हे त्यांच्या हाताखाली खेळलेले खेळाडूही मुंबईत दाखल झाले. लोबेरांच्या पद्धतीत चेंडू लांबवर भिरकावून नशिबाची वाट पाहण्याऐवजी गोलरक्षकापासूनच छोट्या छोट्या पासांनी खेळ बांधत पुढे जायचे असते. प्रत्येक खेळाडूने मैदानाचा आपापला भाग सांभाळायचा आणि ज्याच्याकडे चेंडू आहे त्याला नेहमी दोन-तीन ठिकाणी पास देता येईल अशी मांडणी ठेवायची, हे या शैलीचे मर्म आहे. तिला सराव, संयम आणि एकमेकांच्या सवयींची ओळख लागते, म्हणूनच लोबेरांनी आपल्या ओळखीचे खेळाडू सोबत आणले, हे त्यांच्या निवडीमागचे कारण समजून घ्यायला हवे.

एकाच हंगामात दोन अजिंक्यपदे

त्या काळी आयएसएलमध्ये विजेतेपदे दोन असत. सर्व संघ एकमेकांशी खेळून झाल्यावर गुणतालिकेत पहिला येणाऱ्या संघाला लीग विनर्स शील्ड मिळे, तर त्यानंतर वरच्या संघांमध्ये होणाऱ्या बाद फेरीतील, म्हणजे प्लेऑफमधील, अंतिम सामना जिंकणाऱ्यास करंडक मिळे. करोना साथीमुळे २०२०-२१ चा संपूर्ण हंगाम गोव्यात, प्रेक्षकांविना खेळवला गेला. साखळीतील शेवटच्या सामन्यात २८ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईने एटीके मोहन बागानला २-० असे हरवले. दोन्ही संघांचे २० सामन्यांत प्रत्येकी ४० गुण झाले, परंतु परस्परांमधील दोन्ही सामने मुंबईने जिंकले असल्याने शील्ड मुंबईकडे आले.

त्यानंतर १३ मार्च रोजी मडगावजवळच्या फातोर्डा मैदानावर हेच दोन संघ अंतिम सामन्यात समोरासमोर आले. मोहन बागानच्या डेव्हिड विल्यम्स यांनी पहिला गोल केला आणि काही मिनिटांतच बागानच्या बचावपटूकडून झालेल्या स्वयंगोलामुळे बरोबरी झाली. पूर्वार्ध संपत आला असताना मुंबईचाच तरुण बचावपटू अमेय रानवडे टक्कर होऊन जायबंदी झाला. त्याला रुग्णवाहिकेतून रुग्णालयात न्यावे लागले आणि संघाने उरलेला सामना एका चिंतेखाली खेळला. नव्वदाव्या मिनिटाला बागानचा गोलरक्षक पुढे धावत आला, पण त्याला चेंडू दूर सारता आला नाही. बार्थोलोम्यू ओगबेचे यांनी तो ताब्यात घेऊन मणिपूरच्या बिपिन सिंगकडे सरकवला आणि बिपिनने तो जाळ्यात धाडला. २-१ या विजयामुळे शील्ड आणि करंडक एकाच हंगामात जिंकणारा मुंबई सिटी हा पहिला क्लब ठरला.

आशियाच्या मैदानात

शील्ड जिंकणाऱ्या संघाला एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे आशियातील देशोदेशींच्या विजेत्या क्लबांच्या स्पर्धेत, प्रवेश मिळाला. एप्रिल २०२२ मध्ये सौदी अरेबियातील रियाध येथे मुंबईचा गट खेळला. पहिला सामना अल शबाबकडून ३-० असा गमावल्यानंतर ११ एप्रिल रोजी इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्धही मुंबई उत्तरार्धात पिछाडीवर पडली; मात्र दिएगो मॉरिसियो यांनी पेनल्टीवर बरोबरी साधली आणि पाठोपाठ मुंबईत जन्मलेल्या राहुल भेके यांनी कॉर्नरवरून आलेल्या चेंडूवर डोक्याने गोल करून २-१ असा विजय मिळवून दिला. या स्पर्धेच्या गटसाखळीत भारतीय क्लबने सामना जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि निर्णायक गोल एका मराठी खेळाडूच्या नावावर लागला. पुढे मुंबईने सहा सामन्यांत सात गुण मिळवत गटात दुसरा क्रमांक पटकावला.

२०२२-२३ च्या हंगामात बकिंगहॅम यांच्या मार्गदर्शनाखाली संघ सलग १८ सामने अपराजित राहिला, २० सामन्यांत त्याने ५४ गोल केले आणि ४६ गुणांसह दुसऱ्यांदा शील्ड जिंकले. मिझोरामच्या लालियानझुआला छांगटे याला त्या वर्षीचा देशातील सर्वोत्तम खेळाडू म्हणून गौरवण्यात आले. पुढच्या वर्षी आशियाई स्पर्धेत सौदीच्या अल हिलालसारख्या बलाढ्य क्लबचा सामना नवी मुंबईत झाला. त्या स्पर्धेतले सहाही सामने मुंबईने गमावले आणि आशियातील अंतर किती मोठे आहे तेही त्यातून कळले. हंगामाच्या मध्यावर बकिंगहॅम इंग्लंडला परतले, क्रात्की आले, आणि ४ मे २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये, मोहन बागानच्या हजारो पाठीराख्यांसमोर, राहुल भेके यांच्या नेतृत्वाखालील मुंबईने पिछाडीवरून ३-१ असा विजय मिळवत दुसरा करंडक उचलला.

पाया कुठे आहे?

या यशाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही, तरी त्याच्या पायाकडे नीट पाहिले पाहिजे. या काळातील मुंबईचे बहुतेक आघाडीचे खेळाडू मिझोराम, मणिपूर, पंजाब, गोवा आणि परदेशांतून आले होते. महाराष्ट्रातून आलेल्या भेके, रानवडे अशा खेळाडूंची संख्या थोडीच राहिली. दुसरीकडे लीगचा आर्थिक डोलाराही डळमळीत झाला. भारतीय फुटबॉलचे व्यावसायिक हक्क अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये पंधरा वर्षांच्या कराराने दिले होते. तो करार डिसेंबर २०२५ मध्ये संपत असताना नवी व्यवस्था ठरली नव्हती, त्यामुळे २०२५-२६ चा हंगाम वेळेवर सुरू होऊ शकला नाही आणि त्याच डिसेंबरमध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतील आपला हिस्सा सोडला. मराठवाड्यातील वाचकाला बाहेरून आलेले बळ आणि स्वतःचा पाया यांतला फरक सांगायला फार शब्द लागणार नाहीत: टँकरने आलेले पाणी तहान भागवते, पण टँकर थांबला की गाव कोरडे पडते, आणि स्वतःच्या विहिरीला झरा असेल तरच उन्हाळा निभावतो.

अगदी उलट दिशेने, म्हणजे तळापासून वर, घडलेल्या चढणीचे उदाहरण युक्रेनमध्ये सापडते. कीव्ह प्रांतातील कोवालिव्का हे दीड हजाराच्या आसपास लोकवस्तीचे शेतकरी खेडे आहे आणि तेथील कोलोस हा क्लब २०१२ मध्ये स्थापन झाला. युक्रेनमध्ये, युरोपातील बहुतेक देशांप्रमाणेच, लीग श्रेणीबद्ध आहे: खालच्या श्रेणीत वरचे स्थान मिळवणारा संघ वरच्या श्रेणीत जातो, याला बढती म्हणतात, आणि वरच्या श्रेणीत तळाला राहणारा खाली येतो, याला पदावनती म्हणतात. कोलोस हौशी स्पर्धांतून २०१५ मध्ये व्यावसायिक श्रेणीत आला, २०१९ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पोहोचला आणि सप्टेंबर २०२० मध्ये युरोपा लीगच्या पात्रता फेरीत त्याने ग्रीसच्या अॅरिस या मातब्बर क्लबला त्याच्याच मैदानावर २-१ असे हरवले. या खेड्याने क्लबसाठी स्वतःचे स्टेडियमही उभारले. स्थानिक शेतीउद्योगाचे पाठबळ त्याला होते हे खरे. परंतु प्रत्येक पायरी त्याला मैदानावर जिंकूनच चढावी लागली. २०२२ मध्ये युद्धामुळे देशातील फुटबॉल थांबले, नंतर प्रेक्षकांविना पुन्हा सुरू झाले, आणि त्या परिस्थितीतही हा क्लब खेळत राहिला.

भारतात २०२३ पासून आय-लीग या दुसऱ्या श्रेणीच्या विजेत्याला आयएसएलमध्ये बढती मिळू लागली आणि पंजाब एफसी व मोहम्मडन स्पोर्टिंग हे संघ त्या मार्गाने वर आले, हे योग्य दिशेने पडलेले पाऊल आहे. परंतु आय-लीगच्या खाली राज्य, जिल्हा आणि तालुका या पातळ्यांवर वर्षभर चालणाऱ्या स्पर्धा जोवर उभ्या राहत नाहीत, तोवर खालून वर येण्याची वाट खेड्यातल्या मुलाला अर्ध्यावरच तुटलेली दिसेल.

कंधारपर्यंतची वाट

महाराष्ट्रात ही वाट मुळीच नाही असे म्हणता येणार नाही. कोल्हापुरात तालमींनीच फुटबॉल संघ चालवले, शाहू स्टेडियमवर पेठापेठांतल्या संघांचे सामने पिढ्यान्पिढ्या रंगत आले, आणि त्या मातीतून आलेला अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत, म्हणजे राज्य शासनाच्या निवासी क्रीडा प्रशिक्षण योजनेत, घडून २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला राज्य शासनाने दहा लाख विद्यार्थ्यांना एकाच दिवशी फुटबॉल खेळायला लावण्याचा उपक्रम राबवला आणि शाळाशाळांत फुटबॉल पोहोचले. अशा दिवसाने कुतूहल जागे होते; खेळाडू मात्र पुढच्या तीनशे चौसष्ट दिवसांच्या सरावातून तयार होतो.

मन्याड खोऱ्यातील कंधार हे राष्ट्रकूटकालीन किल्ल्यासाठी ओळखले जाणारे तालुक्याचे गाव मुंबईच्या अंधेरी मैदानापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. तेथील शाळकरी मुलाला अथवा मुलीला मोठ्या फुटबॉलकडे नेणारा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे सुब्रतो मुखर्जी चषक ही १९६० पासून चालणारी शालेय स्पर्धा होय. जिल्हा, मग लातूर विभाग, मग राज्य आणि अखेर राष्ट्रीय फेरी अशा तिच्या पायऱ्या आहेत. या स्पर्धेत संघ पाठवायला स्टेडियम लागत नाही. पूर्ण मैदान साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते, पण लहान मुलांना सात-सात जणांचे संघ करून त्याच्या निम्म्या जागेतही उत्तम खेळता येते, आणि त्या वयात तसेच खेळणे अधिक हितकारक असते, कारण प्रत्येकाच्या पायाला चेंडू अधिक वेळा लागतो. गरज आहे ती सपाट जागेची, काही चेंडूंची आणि शिकवणाऱ्या माणसाची. फुटबॉल महासंघाच्या प्रशिक्षक परवान्यांमध्ये 'डी' परवाना ही सुरुवातीची पायरी असून काही दिवसांच्या अभ्यासक्रमातून ती ओलांडता येते; तालुक्यातील एखाद्या क्रीडाशिक्षकाने तो परवाना घेतला तर त्याचा लाभ पुढच्या वीस वर्षांतील मुलांना होईल.

मुंबई सिटीने दाखवून दिले की ठरलेली पद्धत, जाणते प्रशिक्षक आणि सातत्य यांच्या जोरावर महाराष्ट्रातील क्लब देशात पहिला येऊ शकतो आणि आशियात जिंकू शकतो. हे यश मालक बदलला, करार संपला तरी टिकावे असे वाटत असेल, तर क्लबने आणि राज्य संघटनेने खेळाडू हेरणारे आपले प्रतिनिधी ऐझॉल आणि इंफाळबरोबर नांदेड, लातूर आणि कंधारलाही पाठवले पाहिजेत, आणि येथील शाळा, पालक व क्रीडा कार्यालयांनी ते येण्याची वाट न पाहता मैदाने आखून ठेवली पाहिजेत. या वर्षीच्या सुब्रतो चषकासाठी आपल्या शाळेचे नाव नोंदवणे, ही त्याची पहिली आणि आजच करता येण्याजोगी सुरुवात आहे.